पाखरे पाहून पोट भरते काय?

स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांना व पालकांना उपयोगी पडेल असा एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आम्हांस एका जुन्या वहीची आठवण झाली. ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. निफाड तालुक्यातून आलेला एक विद्यार्थी आपल्या वसतिगृहात राहून नववीत शिकत होता. अभ्यासात मध्यम, स्वभावाने अबोल. गणिताच्या वहीच्या मागील पानांवर तो रोज पाखरांची नोंद करीत असे. तारीख, वेळ, पाखराचे नाव, संख्या, ते कोठे बसले होते, काय खात होते. नाव ठाऊक नसेल तर पेन्सिलने चित्र काढून खाली लिहीत असे, 'काळा-पांढरा, शेपूट सारखे खालीवर करतो, नळाजवळच्या ओल्या जागेत.' रात्रीच्या अभ्यासिकेत ती वही आमच्या हाती लागली. गणित सोडून हे काय चालले आहे, म्हणून आम्ही ती काढून घेतली.

पुढच्या पालकसभेला त्याचे वडील आले. दुसऱ्याच्या द्राक्षबागेत मजुरी करणारे ते गृहस्थ. वही चाळून ते म्हणाले, "सर, पाखरं तर आम्ही पण जन्मभर बघतोय. टिटवीनं अंडी कुठं घातली त्यावरनं पावसाचा अंदाज बांधतोय. पण पाखरं बघून पोट भरतं का? तुम्हीच सांगा त्याला." आम्ही त्यांच्याच बाजूने बोललो. मुलाला समज दिली आणि वही वर्ष संपल्यावर परत केली.

त्या मुलाने दहावीनंतर आयटीआय केले. आज तो सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. त्याचा संसार नीट चालला आहे, याचे आम्हांस समाधान आहे. परंतु थंडी पडू लागली की दरवर्षी त्याचा फोन येतो, "सर, धोबी आले." त्याच्या वहीतील शेपूट हलविणारे ते पाखरू म्हणजे हिवाळी पाहुणा पांढरा धोबी होता, हे आम्हांस फार पुढे कळले. त्या वडिलांचा प्रश्न खरा होता. उत्तर मात्र आम्ही न शोधताच दिले होते. इतिहासाच्या शिक्षकाने पुरावा न पाहता निर्णय द्यावा, ही चूक लहान नव्हे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे, उशिरा का होईना, शोधून दिलेले उत्तर होय.

पर्यावरण शिक्षण म्हणजे नेमके काय?

५ जूनला एक रोप लावावयाचे, छायाचित्र काढावयाचे आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावावयाचे, असा पर्यावरण शिक्षणाविषयी पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ही एक स्वतंत्र ज्ञानशाखा आहे. १९७२ साली स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. तिच्या स्मरणार्थ ५ जून हा पर्यावरण दिन झाला. पुढे १९७७ साली जॉर्जियातील तिबिलिसी येथे केवळ पर्यावरण शिक्षणाचा विचार करण्यासाठी आंतरशासकीय परिषद झाली आणि या शिक्षणाची पाच उद्दिष्टे ठरली : जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. केवळ माहिती देऊन थांबले तर या पाचांपैकी एकच उद्दिष्ट साधते.

गोदावरीचे उदाहरण घेऊ. तिचा उगम त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर होतो, हे पाठ करणे म्हणजे पर्यावरणाविषयी शिकणे. नदीकाठी उभे राहून नाला कोठे मिळतो, त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला पाण्याचा रंग, वास व वनस्पती कशा बदलतात हे पाहणे म्हणजे पर्यावरणात शिकणे. आणि त्या नाल्याबाबत नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला पुराव्यानिशी अर्ज लिहिणे म्हणजे पर्यावरणासाठी शिकणे. या तिन्ही गोष्टी जो घडवून आणतो, तो पर्यावरण शिक्षक. मग त्याच्या नियुक्तिपत्रावर हुद्दा कोणताही असो.

आपल्या देशात या कामाला कायद्याचा आधार आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात मूलभूत कर्तव्यांचे कलम आले. वने, सरोवरे, नद्या व वन्य जीवन यांचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगणे, हे त्यांतील एक कर्तव्य. १९८४ साली अहमदाबाद येथे पर्यावरण शिक्षण केंद्र सुरू झाले. १९९१ साली विधिज्ञ एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालयांतून पर्यावरण हा विषय सक्तीने शिकविण्याचे निर्देश दिले. आपल्या राज्यात तिसरी ते पाचवीसाठी 'परिसर अभ्यास' आहे, वरच्या वर्गांना 'जलसुरक्षा' आहे, अनेक शाळांत राष्ट्रीय हरित सेनेची पथके आहेत. विषय आला, पुस्तके आली. परंतु बहुतेक ठिकाणी तो दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाकडे जोडकाम म्हणून येतो. आम्हीही तो तसाच शिकविला आहे. जाणत्या माणसाची उणीव आहे, आणि जेथे उणीव आहे तेथे कामाला वाव आहे.

नांदूर मध्यमेश्वर : धरणाकाठची शाळा

यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा बांधला गेला. वरच्या धरणांतून सोडलेले पाणी अडवून कालव्यांनी शेतीला पुरवावे, एवढाच त्याचा हेतू. पाखरांचा विचार तो बांधणाऱ्यांच्या मनात असण्याचे कारण नव्हते. पण नदीने आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. उथळ पाणी, चिखल, लहान लहान बेटे आणि पाणवनस्पती तयार झाल्या. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो, वनस्पती, किडे व मासे वाढतात, आणि जेथे अन्न तेथे पाखरे. माणसाने शेतीसाठी केलेल्या बांधकामातून शंभर वर्षांत एक समृद्ध पाणथळ उभी राहिली.

डॉ. सलीम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. १९८६ साली ती अभयारण्य झाली. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर येथे आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्या कराराच्या यादीत महाराष्ट्रातून प्रथम नाव गेले ते नांदूर मध्यमेश्वरचे, आणि २०२० च्या जानेवारीत ते जाहीर झाले. येथे ५३६ प्रजातींची नोंद आहे. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक येतात. वारकरी, शेकाट्या व जांभळी पाणकोंबडी मोठ्या संख्येने दिसतात. आपल्या देवळालीचे नाव धारण करणारा, नामशेष होण्याच्या मार्गावर असलेला एक लहानसा मासाही या नोंदींत आहे. आणि या सगळ्यांवर जलपर्णीचे संकट आहेच.

आता शिक्षणाच्या दृष्टीने पाहा. हा एक बंधारा भूगोल शिकवितो, कारण गाळ कोठून येतो हे विचारावे लागते. इतिहास शिकवितो, कारण तो कोणी व कशासाठी बांधला हे पाहावे लागते. गाळाने पाणीसाठा घटतो पण पाखरांना जागा मिळते, तेव्हा शेतकऱ्याचे हित आणि पाखरांचे हित यांचा मेळ कसा घालावा, हा नागरिकशास्त्राचा प्रश्न होतो. या परिसरातील काही तरुण आज वनखात्याचे प्रशिक्षण घेऊन मार्गदर्शक म्हणून काम करतात. दुर्बीण गळ्यात घालून ते पर्यटकांना चक्रवाक व बदकांतील भेद समजावून देतात. पाखरे पाहून पोट भरते काय, या प्रश्नाचे एक लहानसे उत्तर त्या विद्यार्थ्याच्या तालुक्यातच तयार होत होते. आम्हांस ते दिसले नाही.

त्रिरश्मी लेण्यांतील पोढी

निसर्गशिक्षण हे विज्ञानाच्या शिक्षकांचेच काम आहे, असे आम्हीही मानीत होतो. ही समजूत मोडली ती त्रिरश्मी लेण्यांच्या एका सहलीत. लेखांतील राजांची नावे आम्ही सांगत होतो, इतक्यात सातवीतील एका मुलीने विचारले, "सर, एवढ्या उंचावर भिक्खूंना पाणी कुठून मिळत असेल?"

उत्तर आमच्या समोरच्या शिलालेखात होते. दहाव्या लेण्यातील लेखात नहपानाचा जावई उषवदात सांगतो, की गोवर्धनातील त्रिरश्मी पर्वतावर हे लेणे करविले आणि या पोढीही करविल्या. पोढी म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके. डोंगरावरून वाहणारे पावसाचे पाणी त्यात साठवून वर्षभर पुरवावयाचे, ही सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची जलसाठ्याची व्यवस्था. त्याच लेखात दमण, तापी यांसारख्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचा आणि नानंगोल गावची ३२,००० नारळाची झाडे दान दिल्याचा उल्लेख आहे. हा लेख आम्ही एम. ए. ला अभ्यासला होता. परंतु परीक्षेसाठी राजाचे नाव लक्षात ठेवले आणि पाणी व झाडे सोडून दिली.

भिक्खूंच्या वर्षावासाचा नियमही असाच आहे. पावसाळ्यात फिरल्याने हिरवी तृणे व बारीक जीव पायांखाली तुडविले जातात, अशी लोकांची तक्रार झाली आणि त्यावरून तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम झाला, असे विनयपिटक सांगते. या गोष्टी धर्माच्या तासाला सांगितल्या जातात. त्या पर्यावरणाच्या तासालाही सांगता येतात. तात्पर्य, इतिहास, भाषा, चित्रकला, कोणत्याही विषयाच्या दारातून या क्षेत्रात शिरता येते. विचारणाऱ्याला थांबविले नाही म्हणजे झाले.

ज्यांनी वाट चालून दाखविली

सलीम अलींचे नाव सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या पोटाचा प्रश्न मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. लहानपणी त्यांनी एक चिमणी टिपली. तिच्या कंठावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. ही संस्था १८८३ साली स्थापन झालेली. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्या पोराला हाकलून दिले नाही. त्यांनी चिमणी ओळखून सांगितली, संग्रहाची कपाटे उघडून दाखविली आणि पाखरांचा अभ्यास कसा करतात हे शिकविले. मिलार्ड यांचा हा प्रसंग वाचताना आम्हांस आमच्या हातातील ती गणिताची वही आठवते.

पुढे १९२६ साली सलीम अलींना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. आजच्या भाषेत ही पर्यावरण शिक्षकाचीच जागा. अधिक शिकण्यासाठी ते जर्मनीला गेले आणि परत आले तो पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली! विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातही त्यांना जागा मिळाली नव्हती. तेव्हा ते अलिबागजवळ किहीम येथे राहावयास गेले आणि घराजवळच्या सुगरणींचे निरीक्षण करू लागले. बहिणाबाईंच्या कवितेमुळे सुगरण आपल्या ओळखीची आहे आणि खोपा मादी विणते असे आपण धरून चालतो. सलीम अलींच्या नोंदींतून दिसले ते असे : खोपा नर विणतो. अर्धवट खोपा मादी पारखून पाहते. पसंत पडला तर ती तेथे राहते, आणि नर शेजारी दुसरा खोपा विणावयास लागतो. बेकारीच्या काळातील त्या निरीक्षणाने त्यांचे नाव झाले. यातून दोन बोध घ्यावयाचे. नियमित नोंद वाया जात नाही. आणि पदवीवाचून वाट फार अवघड होते. सलीम अलींच्या पाठीशी कुटुंब उभे होते. आपल्या बहुतेकांच्या पाठीशी तसे काही नसते.

दुसरे उदाहरण सोलापूरच्या मारुती चितमपल्ली यांचे. जंगलाची पहिली ओळख त्यांना घरातील माणसांकडून झाली. वनशिक्षण घेऊन ते वनखात्यात रुजू झाले आणि नवेगाव बांध, नागझिरा, मेळघाट येथे त्यांनी आयुष्य वेचले. नवेगावला माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या स्थानिक जाणकाराला त्यांनी गुरू मानले. आदिवासींकडून पाखरांची व झाडांची नावे टिपून घेतली. बगळे-करकोच्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' असा सुंदर शब्द दिला. 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा' अशा पुस्तकांतून त्यांनी मराठी वाचकाला जंगल दाखविले. २००६ साली ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे निधन झाले. सरकारी नोकरीने त्यांना भाकर दिली आणि त्या नोकरीतूनच त्यांनी महाराष्ट्राला शिकविले.

तिसरे पुण्याचे डॉ. इराच भरुचा. व्यवसायाने ते शल्यविशारद, मनाने जंगलातले. १९९३ साली सुरू झालेल्या भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेची धुरा त्यांनी वाहिली. न्यायालयाच्या आदेशानंतर पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी पर्यावरण सक्तीचे झाले, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगासाठी त्याचे पाठ्यपुस्तक त्यांनी लिहिले. देशातील असंख्य विद्यार्थ्यांनी या विषयाची पहिली ओळख त्या पुस्तकातून करून घेतली.

या तिघांचे मार्ग वेगळे. परंतु तिघांनीही आपले प्रेम स्वतःपुरते ठेवले नाही. पाहिले, लिहून ठेवले आणि दुसऱ्याला दाखविले. निसर्गाची आवड आणि निसर्गशिक्षणाचा व्यवसाय यांत अंतर आहे ते एवढेच. ते चालून जाण्यास मात्र वर्षे लागतात.

आपल्या मुलांची शिदोरी

निसर्गप्रेम हा सुखवस्तू लोकांचा छंद आहे, असे आपल्या वस्त्यांतून मानले जाते. त्याला कारण आहे. ज्यांच्या पूर्वजांनी सरपण वाहिले, गुरे ओढली, दुसऱ्याच्या शेतात जन्म घालविला, त्यांना रानाचे कौतुक सांगणे ही थट्टा वाटते. शिकून या सर्वांतून बाहेर पडावे, हीच आईबापांची इच्छा असते आणि ती रास्त आहे.

परंतु एक गोष्ट विसरू नये. पाणी, जमीन व रान कोणाचे, हा प्रश्न आपल्या चळवळीने फार पूर्वी विचारला आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाडच्या नगरपालिकेने तो मान्यही केला. तरीही ज्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, तेथे माणसांना होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. पाणी शुद्ध आहे काय, एवढेच विचारणारे पर्यावरण शिक्षण अपुरे आहे. ते कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हेही त्याने विचारले पाहिजे. हा दुसरा प्रश्न आपल्या मुलांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. हंड्याच्या रांगेत त्या उभ्या राहिलेल्या आहेत.

शिवाय त्यांच्या घरी ज्ञान आहे. टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस सांगणारे ते वडील दहा वर्षे शेतात टिटवी पाहत होते. ते अनुमान खरे असेलच असे नाही. तथागतांनी कालामांना सांगितले होते, की परंपरेने आले म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. घरटे कोणत्या उंचीवर होते आणि त्या वर्षी पाऊस किती पडला, याची दहा वर्षे नोंद ठेवा. अनुमान टिकले तर टिकले, मोडले तर मोडले. आईबापांचे निरीक्षण आणि शाळेची पारख यांची ही जोड ज्याला साधली, तो उत्तम पर्यावरण शिक्षक होईल.

शिक्षणाच्या व कामाच्या वाटा

आता व्यवहाराचे बोलू. पहिली वाट शिक्षकाची. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा भूगोल घेऊन पदवी, मग बी. एड. आणि पात्रता परीक्षा. नोकरी लागलेल्या शिक्षकांना आपल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी. एड. करता येते. गंमत अशी, की हे विद्यापीठ ज्या गोवर्धन शिवारात आहे, ते नाव त्रिरश्मीच्या लेखांतही येते.

दुसरी वाट वनखात्याची. विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेऊन बारावी झालेल्यास वनरक्षकाच्या भरतीस बसता येते. शारीरिक चाचणी असते, तेव्हा धावण्याचा सराव आधीपासून हवा. पदवीधरांना लोकसेवा आयोगाच्या वनसेवा परीक्षेतून वनक्षेत्रपाल व सहायक वनसंरक्षक होता येते.

तिसरी वाट संस्थांची. पर्यावरण शिक्षण केंद्र, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांसारख्या संस्था शाळांसाठी शिबिरे घेतात, साहित्य तयार करतात आणि त्यासाठी शिक्षण अधिकारी नेमतात. येथे पर्यावरणशास्त्रातील पदव्युत्तर पदवी उपयोगी पडते. चौथी वाट संशोधनाची. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि कोइम्बतूरचे सलीम अली केंद्र ही त्यासाठी नामांकित ठिकाणे आहेत. पाचवी वाट मार्गदर्शकाची. नांदूर मध्यमेश्वरचे उदाहरण वर आलेच आहे.

खर्चाची चिंता करणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी बाबासाहेबांच्या नावे स्वाधार योजना आहे. पीएच. डी. करणाऱ्यांसाठी पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. अर्जाची मुदत चुकू देऊ नये. जातीचा व उत्पन्नाचा दाखला बारावीच्या आधीच तयार ठेवावा.

पोटाचा प्रश्न

खोटी आशा दाखविणे हे शिक्षकाचे काम नव्हे. शिक्षकाची व वनरक्षकाची नोकरी नियमित पगाराची आहे, पण जागा थोड्या आणि उमेदवार फार. संस्थांतील काम बहुधा प्रकल्पाचे असते. प्रकल्प संपला की मानधनही संपते. मार्गदर्शकाचा हंगाम मुख्यतः हिवाळ्याचा. उन्हाळ्यात दुसरा आधार लागतो. आरंभीची दोन-तीन वर्षे अल्प मानधनावर काढणे ज्यांच्या घरी दुसरे उत्पन्न आहे, त्यांनाच परवडते. आपल्या समाजातील मुलामुलींना ते परवडत नाही, हे लपविण्यात अर्थ नाही.

म्हणून आमचा सल्ला असा. आधी अशी पदवी घ्यावी, जिच्यावर इतरत्रही नोकरी मिळेल. बी. एस्सी., बी. एड. केलेला माणूस उपाशी राहत नाही. निसर्गाचा अभ्यास पहिल्या दिवसापासून बरोबरीने चालू ठेवावा. इंग्रजी टाळू नये, कारण पाखरांची मार्गदर्शक पुस्तके आणि शास्त्रीय लेखन बहुतांशी त्याच भाषेत आहे. आणि मराठी उत्तम ठेवावी, कारण गावातील मुलाला समजावून सांगावयाचे ते मराठीतूनच.

आजपासून काय करावे?

विद्यार्थी मित्रहो, दोनशे पानी एक स्वतंत्र वही करा. तिच्यात रोज दहा मिनिटे पाहिलेले लिहा. तारीख, वेळ, ठिकाण, हवामान, काय पाहिले, किती, काय करीत होते. ठाऊक नसेल तेथे 'ठाऊक नाही' असे लिहा. पाहिलेले आणि अनुमान केलेले वेगळे ठेवा. शाळेच्या आवारात दयाळ, बुलबुल, कोतवाल, साळुंकी, भारद्वाज, वेडा राघू सहज दिसतात. एवढ्यांपासून आरंभ पुरेसा आहे. दरवर्षी जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. भारतात तिचा आरंभ १९८७ साली झाला. फेब्रुवारीत चार दिवस घराभोवतीच्या पाखरांची जागतिक गणना असते. या दोन्हींत सामान्य माणसाची नोंदही घेतली जाते. आणि महिन्यातून एकदा आपली एक नोंद खालच्या वर्गातील मुलांना समजावून सांगा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत प्रश्न उमटला तर तुम्ही शिकविले. न उमटला तर पुढच्या महिन्यात वेगळ्या रीतीने सांगून पाहा. या कामाची उमेदवारी येथूनच सुरू होते.

त्या वडिलांना आज उत्तर द्यावयाचे झाले तर आम्ही म्हणू : दादा, नुसती पाखरे पाहून पोट भरत नाही. पाहिलेले नोंदवून, त्याचा रीतसर अभ्यास करून, ते दुसऱ्याला शिकविता आले तर भरते. वाट सोपी नाही, पण आहे. तुमचा मुलगा तिची पहिली पायरी आपणहून चढला होता, आणि आम्ही त्याला खाली उतरविले.

गेल्या हिवाळ्यात तो शाळेत आला होता. आम्ही त्याला आठवीच्या वर्गावर नेले. तास संपेपर्यंत तो धोब्याविषयी बोलत होता आणि मुले हलली नाहीत. आता महिन्यातील एका रविवारी, सुट्टी मिळेल तेव्हा, तो मुलांना गंगापूर धरणाच्या काठी पाखरे दाखवावयास नेतो. ती जुनी वही त्याने शाळेच्या ग्रंथालयास दिली आहे. इतिहासाच्या कपाटात, पहिल्या फळीवर, ती ठेवली आहे. ज्याला पाहावयाची असेल त्याने मागून घ्यावी.